वजावटीतली अक्का

माझा नवरा गंभीर स्वरूपाचा अपंग असून सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे, असं माझ्या आयकराच्या रिटर्नमध्ये सलग दोन वर्षं लिहिलेलं होतं. मला हे कळलं तेव्हा तो माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसून चहा पीत होता. लिफ्ट बंद होती म्हणून जिने चढून वर आला होता आणि त्याला साधी धापसुद्धा लागलेली नव्हती.

टेबलापलीकडे सीए मॅडम होत्या. त्यांनी स्क्रीनवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कोण?"

"माझे मिस्टर."

"हेच का ते?" असं म्हणून त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

नवरा आधी हसला. त्याला वाटलं, टायपिंगची काहीतरी गडबड आहे. मग त्यानं ती ओळ पुन्हा वाचली आणि कप खाली ठेवला.

"म्हणजे मी लंगडा का आंधळा? तेवढं तरी लिहिलंय का?"

"आणखी बरंच लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "एका राजकीय पक्षाला तुम्ही मोठी देणगी दिलीय. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जावर व्याज भरताय. आणि घरात कुणालातरी मोठा आजार आहे. यातलं खरं काय आहे?"

यातलं काहीच खरं नव्हतं. मी तसं सांगितलं.

इथवर आम्ही कसे आलो ते सांगायला हवं. मी सोलापुरातल्या एका अनुदानित हायस्कुलात भूगोल शिकवते. नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली. आता घरात आम्ही दोघं आणि माझी थोरली बहीण, अक्का.

अक्का जन्मापासून बहिरी. कधी ऐकूच आलं नाही, म्हणून बोलणंही आलं नाही. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका गोदामावर रखवालदार झाले. आई घरी विड्या वळायची आणि अक्का तिच्या शेजारी बसून तिच्यापेक्षा भराभर वळायची. तिला शाळेत घालावं हे कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं तरी जमलं नाही. वडील आधी गेले, मग आई. आईच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे नातेवाईक जमले, जेवले, निघाले, आणि अक्काचं पुढं काय यावर कुणी एक शब्द काढला नाही. शेवटी नवऱ्यानंच तिची पिशवी उचलून आमच्या गाडीच्या हुकाला अडकवली. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. तिचं खाणं, कपडे, चष्मा, दात, गुडघ्याचं दुखणं, सगळं आमच्याकडे. याची मी कधी तक्रार केली नाही. फक्त दर फेब्रुवारीत पगारातून कर कापला गेला की वाटायचं, तीन माणसांचं घर चालवणाऱ्या बाईला जरा सूट मिळायला काय हरकत आहे?

आमच्या स्टाफरूममध्ये एका वर्षी अचानक एका कर सल्लागाराचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. आमच्यातल्याच एका सरांना पगारातून कापलेला जवळजवळ सगळा कर त्यानं परत मिळवून दिला होता. मग एकामागून एक सगळे त्याच्याकडे जायला लागले. तोवर माझं रिटर्न शाळेच्या जवळचा एक नेटकॅफेवाला भरून द्यायचा. पगार आणि कापलेला कर दाखवणारा शाळेचा फॉर्म सोळा द्यायचा, चहाएवढे पैसे टेकवायचे, पावती घ्यायची. त्यात कमीही नाही आणि जास्तही नाही.

सरच मला त्या सल्लागाराकडे घेऊन गेले. नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर त्याचं ऑफिस. खाली रिक्षांचे हॉर्न, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि वर काचेचा दरवाजा, गारेगार एसी, टेबलावर चॉकलेटची वाटी. तो तरुण होता, गोड बोलायचा.

"मॅडम, तुम्ही काही टेन्शन घ्यायचं नाही. जेवढा परत येईल त्यातला आमचा हिस्सा द्यायचा. आला नाही तर एक रुपया देऊ नका."

"पण कशाबद्दल परत येणार?" मी विचारलं.

"ते आमचं काम, मॅडम. तुम्ही मुलांना भूगोल शिकवता तेव्हा आम्ही मधे येतो का?"

सर हसले. मला हसू आलं नाही. मी मुद्दाम अक्काचा विषय काढला. म्हटलं, माझी बहीण बहिरी आहे, आमच्याकडेच असते, तिच्याबद्दल काही सूट बसते का.

"दाखला आहे?"

"दाखला काढलेला नाही."

"मग सोडा. ते करण्यात वर्ष जाईल. मी बघतो ना काहीतरी." आणि त्यानं काहीतरी कीबोर्डवर बडवलं. "फोनवर ओटीपी आला असेल, तो सांगा."

आता मागं वळून बघताना मला पक्कं वाटतं, की अपंगाची कल्पना त्याला माझ्याच तोंडून मिळाली. बहिणीचा दाखला मिळवण्यापेक्षा नवऱ्याला अपंग करणं त्याला सोपं पडलं. ही गोष्ट आठवली की अजून माझ्या हातातला खडू मोडतो.

पहिल्या वर्षी पैसे आले. दुसऱ्या वर्षीही आले. त्याचा हिस्सा त्यानं चोख घेतला. आणि मग एके दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर संदेश आला: आपण घेतलेल्या वजावटी आपल्या उत्पन्नाशी जुळत नाहीत, त्या तपासून पहाव्यात आणि चूक असल्यास दुरुस्त करावी. मी मान वर करून बघितलं तर स्टाफरूममधले आणखी तिघंचौघं आपापल्या फोनकडे बघत होते. मी सरांना विचारलं, तुम्हाला आलाय का? ते म्हणाले, "कसला? नाही बुवा," आणि डबा बंद करून हात धुवायला गेले.

सल्लागाराला फोन लावला. "तो सगळ्यांना येतो मॅडम. दुर्लक्ष करा." चारसहा दिवसांनी पुन्हा लावला तर फोन बंद. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी थेट नवी पेठ गाठली. वरच्या काचेच्या दरवाजावर आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. खाली साडीवाल्याला विचारलं.

"ते गेले की ओ. गेल्या म्हैन्यातच खाली केलं. पुण्याला गेले म्हणं."

"पत्ता?"

"तुमच्यासारखे लई जण येऊन गेले, मॅडम. पत्ता असता तर मी बोर्डच लावला असता."

त्या रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्याच्या मागं लागून काय मिळणार? नीट शिकलेल्या माणसाकडं जाऊ." त्याच्या कारखान्याच्या मालकाचे हिशेब बघणाऱ्या एक सीए मॅडम होत्या. पूर्व भागात त्यांचं ऑफिस, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्या घरात एके काळी माग होते, आता त्या एकट्या आकड्यांचं काम करत होत्या. कामगारांमध्ये त्यांची ख्याती काही चांगली नव्हती. फार बोलतात, आणि फी आधी घेतात.

दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

मी माझी कहाणी सुरू केली, तर त्यांनी हात वर केला. "कहाणी नंतर. आधी लॉगिन द्या. तो माणूस वाईट होता हे मला कळलं, पण रिटर्न तुमच्या नावावर आहे, बाई. खात्याच्या दृष्टीनं हे तुम्ही सांगितलंय." मग त्यांनी ती स्क्रीन वळवली आणि माझा नवरा अपंग निघाला.

मला वाटलं होतं, त्या आता धीर देतील. त्यांनी दिला नाही. दोन्ही वर्षांची रिटर्न दुरुस्त करावी लागतील, खोट्या वजावटी काढाव्या लागतील, वाचलेला कर, त्यावरचं व्याज आणि वर जादा कर भरावा लागेल, असं त्यांनी एका दमात सांगितलं. नोटीस यायच्या आत स्वतःहून भरलं तर कमी भुर्दंड, नंतर भरलं तर दंडही. मी म्हटलं, त्याचा हिस्सा तर मी त्याला दिलाय, तो पण मीच भरायचा?

"हो."

"हा अन्याय आहे."

"आहे. सही इथं करायची."

मुलीकडे हैदराबादला आठ दिवस जाऊन राहायचं म्हणून आम्ही बँकेत थोडे थोडे पैसे ठेवत होतो. ती ठेव मोडली. नवरा बँकेतून बाहेर आला तेव्हा कपाळावर आठ्या होत्या. "आता मी खरंच लंगडा झालो," एवढंच बोलला, आणि स्कूटरला लाथ मारली.

पैसे भरल्याची पावती घेऊन मी पुन्हा मॅडमकडे गेले, तेव्हा मला वाटलं प्रकरण मिटलं. तर त्यांनी वही ओढली.

"आता यंदाचं. घरात कोण कोण असतं?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. नेटकॅफेवाल्यानं नाही, एसीवाल्यानं तर नाहीच. मी सांगितलं, आम्ही दोघं आणि बहीण.

"बहीण का तुमच्याकडे?"

मी अक्काबद्दल सांगितलं. मॅडमनी पेन टेबलावर टाकलं.

"मग खरं अपंग माणूस घरात असताना त्यानं खोटं कशाला केलं?"

"दाखला नाही म्हणून."

"का नाही काढला?"

या प्रश्नाचा मला फार राग आला. इतका, की माझ्याकडे उत्तर असूनही मी दिलं नाही. बहीण बहिरी आहे हे मला कुठल्या कागदावर कशाला हवं होतं? सकाळी तिला उठवायला मी तिच्या पायाला हात लावते. दार वाजलेलं तिला कळत नाही म्हणून मी कुलूप लावून जाते आणि ती आत एकटी राहते. यासाठी टक्केवारी लागते हे मला कोण सांगणार होतं?

मॅडमनी समजावून सांगितलं. त्यांचं समजावणं म्हणजे वर्गात नापास मुलाला सांगतात तसं. आई, वडील, मुलं, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणी अपंग असून आपल्यावर अवलंबून असेल, तर एक ठरावीक रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा होते. खर्च कमी झाला का जास्त, ते बघत नाहीत. अपंगत्व फार जास्त असेल तर रक्कमही जास्त. पण हे फक्त जुन्या करप्रणालीत. आणि माझ्या शाळेच्या कारकुनानं मला न विचारता नव्या प्रणालीत टाकलं होतं, कारण वेगळं पत्र दिलं नाही की तसंच धरतात.

"रिटर्न मुदतीत भरलं तर जुनी प्रणाली घेता येईल. मुदत गेली तर विसरा. दाखला तोवर हातात पाहिजे."

"आणि तिच्या आरोग्य विम्याचा हप्ता मी भरते, तो?"

"त्या कलमात बहीण बसत नाही."

"म्हणजे एका कलमात ती माझी बहीण आहे आणि दुसऱ्या कलमात नाही?"

"बरोबर."

"विहाराच्या बांधकामाला आम्ही दरवर्षी देणगी देतो."

"रोख?"

"हो."

"मग ते पुण्य. वजावट नाही." त्यांनी वही उलटली. "फ्लॅटचं कर्ज कुणाच्या नावावर आहे?"

दोघांच्या. हप्ताही आम्ही दोघं मिळून भरायचो, पण व्याजाची सूट आजवर एकट्या नवऱ्यानंच घेतली होती, आणि त्यातलाही काही भाग मर्यादेबाहेर जाऊन वाया गेला होता. माझा वाटा मला घेता येत होता. हेही आजवर कुणी बोललं नव्हतं. मी खुर्चीत मागं टेकले. एकीकडं खोट्या देणग्या देत होते आणि दुसरीकडं माझ्या हक्काचं तसंच सोडून देत होते.

निघताना मॅडमनी एका कागदावर लिहून दिलं: दाखल्यावर टक्केवारी हवी, अपंगत्वाचा प्रकार हवा, आणि 'कायमस्वरूपी' हा शब्द हवा. "तो शब्द नसला तर पाच वर्षांनी पुन्हा दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहाल."

पुढचे काही आठवडे मला आयकरापेक्षा दवाखान्यानं जास्त छळलं. दाखला देणारं मंडळ सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकाच दिवशी बसायचं. पहिल्या खेपेला ऑनलाइन अर्जावर अक्काचा अंगठा जुळेना. विड्या वळून वळून तिच्या बोटांच्या रेषा पार पुसल्या होत्या. खिडकीतला माणूस म्हणायचा, "मावशीला सांगा, जोरात दाबा." मी सांगितलं, तिला ऐकू येत नाही. "मग खुणेनं सांगा." शेवटी डोळ्यांवरून ओळख पटवली, पण तोवर डॉक्टर जेवायला गेले होते आणि नंतर ते आलेच नाहीत.

दुसऱ्या खेपेला नवराही बरोबर आला आणि कानाची तपासणी झाली. ती मला जन्मभर लक्षात राहील.

काचेची छोटी खोली. अक्काच्या कानावर मोठे हेडफोन. काचेपलीकडे तपासणारी मुलगी, तिच्यापुढं मशीन. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, असं मी अक्काला खुणेनं सांगितलं. तपासणी सुरू झाली. अक्कानं बोट वर केलं. पुन्हा केलं. पुन्हा. मी बघतच राहिले.

मग माझ्या लक्षात आलं. ती त्या मुलीकडं टक लावून बघत होती. मुलगी बटण दाबायची तेव्हा तिचा खांदा किंचित पुढं यायचा. अक्का साठीची आहे आणि आयुष्यभर तिनं माणसांचे चेहरे, खांदे, भुवया वाचूनच दिवस काढलेत. खांदा हलला की बोट वर. आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडं बघून आनंदानं हसत होती.

तपासणी संपवून मुलगी अक्काला घेऊन बाहेर आली. "मावशींना बरंच ऐकू येतंय की."

"तिला काहीही ऐकू येत नाही. ती तुमच्या खांद्याकडं बघून बोट वर करतेय."

"मॅडम, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन नाही बोलत. पण बोट मशीन वर करत नाही, माझी बहीण करते."

"रिपोर्ट जो येतो तोच द्यावा लागतो."

तेवढ्यात नवऱ्यानं हातातला स्टीलचा डबा अक्काच्या बरोब्बर मागं फरशीवर सोडला. असा दणका झाला की बाकड्यावरची माणसं उभी राहिली, एक लेकरू रडायला लागलं, शिपाई धावत आला. अक्का शांतपणे पदर नीट करत होती.

"बघितलं?" नवरा म्हणाला.

"बघितलं," ती मुलगी म्हणाली, आणि खरं सांगायचं तर ती जरा वरमली. "पण हे रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही, काका."

रिपोर्ट आला. सौम्य दोष. सवलतीला लागते त्यापेक्षा कितीतरी कमी टक्के. साठ वर्षं जिच्या कानावर आईची हाकही पडली नाही तिला सौम्य दोष! बाहेर आल्यावर मी तो कागद फाडायला निघाले होते. अक्कानं माझ्या दंडाला हात लावून खुणेनं विचारलं, बरोबर केलं ना मी सगळं? मी मान हलवली, हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

तो कागद घेऊन मी मॅडमकडे गेले आणि त्यांच्यासमोर रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला, मी पाणी पिईपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "फाडू नका हा. पहिला रिपोर्ट चुकीचा का आला ते दुसऱ्या डॉक्टरांनी नोंदवलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी हाच पुढं करेल. डोक्याला वायरी लावून, झोपवून करतात ती तपासणी मागा. त्यात बोट वर करायचं नसतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या घरात काय काय असतं ते मला विचारावंच लागतं ना."

ती तपासणी करायचं यंत्र दवाखान्यात बंद होतं. दुरुस्तीला माणूस येणार होता. तो दर आठवड्याला येणार होता. रिटर्नची मुदत जवळ यायला लागली, तसं मी शाळेतही मुलांवर ओरडायला लागले. एका मुलानं नकाशात भीमा उलट्या दिशेला वाहवली, तर मी त्याला एवढी बोलले की वर्ग गप्प झाला. शेवटी यंत्र सुरू झालं. अक्काला औषध देऊन झोपवलं, कपाळाला आणि कानामागं वायरी चिकटवल्या, आणि कागदावर सरळ रेघ येत गेली. त्या रेघेनं जे सांगितलं ते आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

मंडळाच्या डॉक्टरांनी दाखल्यावर पाच वर्षांची मुदत घालायला घेतली. मी मॅडमची चिठ्ठी पुढं केली.

"सर, 'कायमस्वरूपी' लिहा."

"पाच वर्षांनी येऊन जा की एकदा. काय फरक पडतो?"

"तिचे कान पाच वर्षांनी बरे होणार आहेत का?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. त्यांच्याही दारात मोठी रांग होती, दिवसही कलत आला होता. त्यांनी मुदत खोडायला सांगितली.

दाखल्याचं कार्ड रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात आलं. मॅडमनी दोन्ही करप्रणाल्यांचा हिशेब समोर मांडला. अक्काची वजावट, कर्जाच्या व्याजातला माझा वाटा, भविष्य निर्वाह निधी, सगळं धरून जुनी प्रणाली स्पष्टपणे फायद्याची होती. कापलेल्या करातला बराच भाग परत येणार होता, आणि या वेळी कशाबद्दल ते मला ओळीनं माहीत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण मी विचारलं, मागच्या वर्षांचं काय? आम्ही नुकतीच ती दोन वर्षं दुरुस्त केलीत. तेव्हाही ती आमच्याकडेच होती.

"दाखल्यावर तारीख यंदाची आहे."

"मॅडम, ती यंदा बहिरी झाली नाही."

"कागदावर यंदाच झाली."

"आणि त्याच्या आधीची सगळी वर्षं?"

"ती गेली, बाई." हे मात्र त्या जरा हळू बोलल्या. "आधी कुणी विचारलं असतं तर मिळाली असती."

जिना उतरताना नवरा म्हणाला, "सोड की आता. यंदाचं तर झालं." मी म्हटलं, नाही सोडत. इतकी वर्षं आम्ही तिला सांभाळलं ते सूट मिळावी म्हणून नव्हे, हे खरंच. पण हक्काची सूट समोर पडलेली असताना एक माणूस हिस्सा खाऊन खोटं लिहितो, आणि खरं काय ते विचारायला बाकी कुणाला सवडच नसते, याची चीड अशी जिन्यावर सोडून देता येत नाही. स्टाफरूममधल्या सरांना मी मॅडमचा पत्ता लिहून दिला होता. त्यांनी विचारलं होतं, "किती सोडवून देतात?" मी म्हटलं, कधी कधी भरायला लावतात. कागद त्यांनी खिशात ठेवला. पुढं ते गेले का नाही, मला माहीत नाही.

त्या रविवारी वंदना झाल्यावर मी विहारातच बसून राहिले. आमच्यातले एकजण पोस्टात आहेत. त्यांचा तरणाताठा मुलगा अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आहे. मी त्यांना सगळं सांगितलं: दाखला, टक्के, कायमस्वरूपी, जुनी प्रणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बघितलं की कळतंय, ताई. त्याला आणि कागद कशाला?"

"कागद बघणाऱ्यासाठी नाही, दादा. कर कापणाऱ्यासाठी आहे."

"बघू की. सवड काढून जाईन एकदा."

पुढच्या रविवारी विचारलं, ते गेले नव्हते. त्याच्या पुढच्याही नाही. मला इतका संताप आला की मी तिथंच त्यांच्या मुलाचं आधार कार्ड मागून घेतलं, घरी येऊन ऑनलाइन अर्ज भरला, आणि मंडळाच्या दिवशी शाळेतून रजा टाकली. दवाखान्याचं फाटक उघडायच्या आत आम्ही पोचलो होतो. मी रांगेत उभी राहिले, दादा मुलाची खुर्ची धरून मागं उभे, आणि खिडकी उघडल्याबरोबर मी आतल्या माणसाला म्हटलं, "अंगठा जुळला नाही तर डोळे घ्या. आधीच सांगून ठेवते."